मेळघाटांतील पौर्णिमा आणि निशादर्शक

सातपुड्याच्या कुशींतील मेळघाटचें अरण्य १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ अरण्यांत निवडलें गेलें. वैशाखी पौर्णिमेस वनखात्याच्या अनुमतीनें येथील पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर रात्रभर बसून वन्यप्राणी पाहण्याचा प्रघात आहे. चंद्र डोक्यावर असला तरी झाडांच्या दाट सावलींत दृष्टि पोंचत नाहीं. तेथें डिजिटल निशादर्शक, म्हणजे एका डोळ्यास लावावयाची छोटी दुर्बीण, उपयोगी पडते.

तिचा दिवा डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण टाकतो; परत आलेल्या किरणांचें चित्र आंतील पडद्यावर उमटतें. घेतांना फार मोठें दाखविणारी दुर्बीण घेण्याचा मोह टाळावा. तिचें दृष्टिक्षेत्र अरुंद असतें आणि हाताचा कंपहि तींत मोठा होऊन दिसतो. ८५० नॅनोमीटरचा दिवा लांब पोंचतो, पण समोरून त्याचा तांबूस ठिपका दिसतो. ९४० चा बहुधा दिसत नाहीं, मात्र त्याचा पल्ला तोकडा. पाणवठा जवळ असल्यास दुसराच इष्ट. अर्थात् दिवा लावण्यास परवानगी आहे कीं नाहीं, हें वनरक्षकास आधीं विचारावें.

अंधारास डोळा पुरता सरावण्यास सुमारें अर्धा तास लागतो. पडद्याचा उजेड ही कमाई क्षणांत हिरावून घेतो. म्हणून पडदा मंद ठेवावा आणि पाचोळा वाजला तरच दुर्बीण उचलावी. आधीं कान, मग डोळा, शेवटीं यंत्र, हा क्रम पाळणाऱ्यास पाण्यावर येणारें अस्वल वा गवा दिसण्याचा संभव अधिक. सतत पडद्यास डोळा लावून बसणाऱ्यास पडद्याएवढेंच अरण्य दिसतें, आणि चांदणें तर दिसतच नाहीं.