केसाएवढे हत्यार

मोठ्या शोधाला साधनेही मोठीच लागतात, असे पुष्कळांना वाटते. असे कोणी बोलू लागले, की मला एका तान्ह्या मुलाच्या केसाची आठवण होते. त्या केसाचे लहानसे वेटोळे, आणि जोडीला तापवून ताणलेली काचेची बारीक सुई. एवढ्या सामग्रीवर हिल्डे मांगोल्ड या जर्मन तरुणीने सजीवांच्या जडणघडणीतील एका मोठ्या कोड्याला हात घातला.

हिल्डेचा जन्म १८९८ साली गोथा या गावी झाला. विद्यार्थिदशेत तिने हान्स स्पेमान या शास्त्रज्ञांचे व्याख्यान ऐकले, आणि गर्भविज्ञानाची तिला गोडी लागली. १९२० साली ती फ्रायबुर्ग येथे त्यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाली.

पावसाळ्यात डबक्यातील बेडकाची अंडी तुम्ही पाहिली असतील. लहानपणी मी ती तासन् तास न्याहाळीत असे. त्या काळ्या ठिपक्याला डोके कोणत्या बाजूस आणि शेपूट कोणत्या बाजूस फुटावे, हे कोण सांगत असेल, असा प्रश्न मला पडे. वडीलधाऱ्यांना विचारावे, तर ती हसत. फ्रायबुर्गला मात्र हाच प्रश्न मोठ्या गांभीर्याने विचारला जात होता.

तेथे न्यूट या प्राण्यावर प्रयोग चालत. न्यूट दिसतो सरड्यासारखा, पण आहे बेडकाचा भाऊबंद. त्याचा कोवळा गर्भ जेमतेम दीड मिलिमीटरचा, म्हणजे राजगिऱ्याच्या दाण्याएवढा असतो. १९२१ च्या वसंत ऋतूत हिल्डेने फिकट रंगाच्या गर्भातून पाठीकडील एक ठराविक तुकडा काढला, आणि गडद रंगाच्या दुसऱ्या जातीच्या गर्भात पोटाकडील बाजूस तो बसवला. पुढे कोणता भाग पाहुण्याचा आणि कोणता यजमानाचा, हे रंगावरून ओळखता यावे, म्हणून ही योजना होती.

काम मोठ्या चिकाटीचे होते. न्यूटची अंडी वसंतात मिळत. हंगाम सरला, की पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागे. जंतुसंसर्ग थोपवणारी आजची औषधे त्या काळी नव्हती. शेकडो गर्भांवर शस्त्रक्रिया करावी आणि थोड्याच दिवसांत त्यांतील बहुतेक मेलेले आढळावेत, असा क्रम दोन हंगाम चालला. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच गर्भ पुरेसे वाढले.

पण त्यांनी जे दाखवले, ते विलक्षण होते. गडद गर्भाच्या पोटाशी दुसरा गर्भ आकार घेत होता! त्यात मज्जारज्जूचा आणि कण्याचा आरंभ स्पष्ट दिसत होता. नवल असे, की त्याच्या पुष्कळशा पेशी गडद रंगाच्या, म्हणजे यजमानाच्याच होत्या. ज्या पेशींची एरवी पोटाची कातडी झाली असती, त्यांना त्या चिमुकल्या पाहुण्याने नव्या कामाला लावले होते. स्पेमान यांनी त्या तुकड्यास ‘संघटक’ असे नाव दिले.

या संशोधनाचा निबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. प्रयोग हिल्डेच्या हातचे, तरी स्पेमान यांचे नाव आधी छापले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात घरातील स्वयंपाकघरात भडका उडाला. हिल्डे गंभीर भाजली आणि लहान मुलाला मागे ठेवून निघून गेली. ती अवघी २५ वर्षांची होती. संघटकाच्या शोधाबद्दल स्पेमान यांना १९३५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा तिला जाऊन अकरा वर्षे झाली होती.

ही हकीकत वाचताना मन खंतावते. पण त्याहून अधिक माझ्या डोळ्यांपुढे येतात ते न जगलेले शेकडो गर्भ. प्रत्येक अपयशानंतर ती पुन्हा सूक्ष्मदर्शकाशी बसली, पुन्हा तो केस हाती घेतला. आपले नाव मागे राहील की नाही, याचा हिशेब तिने केला असेल असे मला वाटत नाही. नाव मात्र राहिले. गर्भातील त्या इवल्याशा भागाला आज जगभरचे अभ्यासक ‘स्पेमान-मांगोल्ड संघटक’ असे म्हणतात.