ठाकुर्लीचं पॉवर हाउस

डोंबिवली आणि कल्याणच्या मधलं स्टेशन ठाकुर्ली. रुळांच्या कडेला चोळेगाव. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेनं 1920च्या दशकाच्या अखेरीस इथं स्वतःचं वीजकेंद्र बांधलं. कागदोपत्री चोळा पॉवर हाउस, बोलण्यात नुसतं पॉवर हाउस.

कोळसा वाघिणींतून यायचा. बॉयलरखाली जळायचा. मागे राख उरायची. 1980च्या दशकाच्या अखेरीस केंद्र बंद झालं. वाघिणी येईनाशा झाल्या.

केंद्र चालू असताना कोळसा, राख, बॉयलर, टर्बाइन, प्रत्येकाची माणसं वेगळी होती. पाळ्या होत्या. रात्रपाळीही होती.

इथली वीज सबस्टेशनांत जाऊन 1500 व्होल्ट डीसी व्हायची. तिच्यावर लोकल धावायच्या. 1 जून 1930 रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीनही विजेच्या इंजिनावरच धावली.

घाटात मालगाड्या ओढायला ‘खेकडा’ असायचा, म्हणजे विजेचं इंजिन. मधे केबिन, दोन्हीकडे लांब नाकं, चाकांवर बाहेरून दिसणारे जाड दांडे. बोर घाटात आणि थळ घाटात 37 फुटांना एक फूट असा चढ तो चढायचा. खेकड्यांतला एक, ‘सर लेस्ली विल्सन’, दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभा आहे.

बंद झाल्यावर पॉवर हाउसची इमारत बरीच वर्षं तशीच होती. भिंतींच्या भेगांत पिंपळ रुजले.

जवळच्या बावन चाळीत रेल्वेचे कामगार राहायचे. बिऱ्हाडं हलली. घरं मोडकळीला आली. पत्ता सांगताना बावन चाळ अजून सांगतात.

पॉवर हाउसच्या जागी गॅसवर चालणारं 700 मेगावॉटचं नवं केंद्र होणार, असं जाहीर झालं होतं. ते झालं नाही.

जून 2015 मध्ये मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचा डीसी प्रवाह संपला. एप्रिल 2016 मध्ये हार्बर मार्गावरचाही संपला. तारेत आता 25,000 व्होल्ट एसी असतो.

डीसीबरोबर जुन्या पिवळ्या-तपकिरी लोकल गेल्या. त्या फलाटावर थांबल्या, की डब्याखालचा कॉम्प्रेसर धडधडायचा. पायाखालची लोखंडी पट्टी थरथरायची. दार धरून उभ्या असलेल्या माणसाच्या हाताला ती थरथर लागायची.

ठाकुर्लीला धीम्या लोकल थांबतात. सकाळी दारातही जागा नसते. गाड्यांची वीज रेल्वे आता बाहेरून विकत घेते.