आधी काठी

“सर, परदेशात कुत्रं आंधळ्याला वाट दाखवतं म्हणे. आपल्या हिंगोलीत का नाही?” पांढरी काठी घेऊन मुलांना गल्लीत चालायला शिकवत असलो की ओट्यावरचं कुणीतरी हे विचारतंच. मुलं हसतात. औंढा काय, वसमत काय, कुत्रं म्हटलं की त्यांना आठवतं ते काठी बघून अंगावर येणारं. त्या मोकाट टोळीतून एखाद्या लॅब्रेडॉरला नेलं तर आधी त्यालाच वाचवावं लागेल.

तरी वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या शिक्षणाबद्दल मला आदर आहे. 1916 साली जर्मनीत ओल्डेनबर्गला पहिली शाळा निघाली, महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी. आता अशा शाळांत पिल्लू साधारण वर्षभर एखाद्या घरात वाढतं, गर्दीला, गाड्यांना सरावतं. खरं शिक्षण त्यानंतर. त्यात मला सगळ्यात आवडतं ते आज्ञा मोडायला शिकवणं. मालक ‘चल’ म्हणाला आणि समोरून गाडी आली, तर कुत्र्यानं हलायचं नाही. बाकी कुठं वळायचं, रस्ता कधी ओलांडायचा, हे माणसानंच कान लावून ठरवायचं. म्हणून कुत्रं देण्याआधी शाळा बघते, हा माणूस काठीनं एकटा फिरतो का.

म्हणजे आधी काठीच. तिचं तंत्रही युद्धातलंच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूव्हर यांनी ते बसवलं. काठी छातीच्या हाडापर्यंत उंच. हात पोटासमोर, टोक खांद्यांपेक्षा जरा रुंद फिरवायचं. डावा पाय पुढं पडतो तेव्हा टोक उजवीकडं टेकतं, उजव्या पावलाची जागा आधीच तपासून होते. ऐकायला सोपं, अंगात मुरायला महिने जातात. त्यात आमची काळी माती! पावसाळ्यात टोकाला तिचा गोळा होतो, काठी जड होते आणि तिचा आवाजच बसतो. मग टोक पुसत, नालीची कड धरत जायचं. पिठाच्या गिरणीची घरघर, हळद शिजल्याचा वास, बोळ संपला की गालाला लागणारी हवा, या खुणा मुलं स्वतःच पकडतात. मी फक्त त्या ओळीनं लावून देतो.

कमरेच्या वरचं मात्र काठीला कळत नाही. आडवं ताणलेलं दावं, पत्र्याची खाली आलेली वळचण. तयार कुत्रं अशा अडथळ्यालाही वळसा घालून नेतं. तिथं ते काठीला भारी. आम्ही मोकळा हात चेहऱ्यासमोर आडवा धरायला शिकवतो, तेवढंच.

पण सगळ्यात अवघड धडा कुत्र्याच्याच शाळेतला आहे. वाटेत कुणी काका, मामा न विचारता दंड धरून ओढू लागले की पोरं मुकाट निघतात; मोठ्यांना नाही कसं म्हणायचं? ‘थांबा काका, मी जातो’ हे एवढं वाक्य मी काठीइतकंच घोटून घेतो. घरचे म्हणतात, “सर, पोरगं उद्धट व्हायलंय.” होऊ द्या.

जिल्ह्यात कुत्री येतील तेव्हा येतील, त्यांची वाट बघत पोरं घरात बसवू नका. रस्त्यात काठीवालं माणूस दिसलं तर आधी विचारा. हो म्हणालं तर आपला कोपर पुढं करा, ते धरून अर्धं पाऊल मागून येईल. आणि मोटारसायकल भिंतीला चिकटून लावू नका. त्याच कडेनं ते चालत असतं.