कोरडी मोठी नदी

पुण्यात जपानी शिकायला लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं मला कांजीचं वेड होतं. या चित्राक्षरांना प्रत्येकी स्वतःचा अर्थ असतो, त्यामुळे दिसेल त्या नावाची फोड करून बघायची खोड लागते. तोक्यो म्हणजे पूर्वेची राजधानी, ओसाका म्हणजे मोठा चढ. एके दिवशी साप्पोरो समोर आलं. पहिलं अक्षर चिठ्ठीचं आणि दुसरं चक्क टांग्याच्या टपाचं! चिठ्ठी आणि टप यांची मोट काही केल्या बांधता येईना. आमच्या सेन्सेई, म्हणजे बाई, सदाशिव पेठेतल्या, त्यामुळे उत्तर तोडूनच आलं : "अहो, तिथे अर्थ शोधू नका. नुसता उच्चार घ्या. ते नाव जपानी नाहीच मुळी."

मग कुणाचं?

बहुतेक जाणकार साप्पोरोचं मूळ 'सात-पोरो-पेत' असं सांगतात. कोरडी मोठी नदी. हे शब्द आइनू भाषेतले, म्हणजे साप्पोरो ज्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर आहे तिथल्या मूळ रहिवाशांच्या. पेत म्हणजे नदी, नाय म्हणजे ओढा. एवढे दोन शब्द कळले आणि होक्काइदोचा रेल्वे नकाशा माझ्यासाठी बदलून गेला. जिकडे बघावं तिकडे नावाच्या शेपटाला 'बेत्सु' नाहीतर 'नाइ'. नोबोरिबेत्सु हे स्टेशन लिहिताना 'चढणे' आणि 'वेगळे होणे' अशी अक्षरं वापरतात; आइनूंच्या लेखी ती गढूळ पाण्याची नदी, कारण वर गरम झरे आहेत. पार उत्तर टोकाचं वाक्कानाइ कांजीत 'कोवळा' आणि 'आत' होऊन बसलंय. मुळात तो गार पाण्याचा ओढा. पाणी कुठलं कसं आहे ते चालत जाणाऱ्याला सांगणारी ही नावं. त्यांना परकी अक्षरं चढवली आणि ती मुकी झाली.

होक्काइदो हे नाव सरकारी, 1869 सालचं. त्याआधी जपानी लोक या बेटाला एझो म्हणत आणि आइनू लोक 'आइनू मोशिर', म्हणजे माणसांची भूमी. आइनू या शब्दाचा अर्थच माणूस. कामुय म्हणजे देव. अस्वल कामुय, घुबड कामुय, आणि त्यांच्यासमोर हात जोडणारा तो आइनू. आता हाच शब्द जपानी कानांनी ऐका : 'आ, इनु!' म्हणजे 'अरे, कुत्रा!' आइनू पोरांनी हा विनोद पिढ्यान्‌पिढ्या शाळेत सोसला. मार्च 2021 मध्ये एका मोठ्या वाहिनीने सकाळच्या कार्यक्रमात तोच कोडं म्हणून ऐकवला आणि मग माफी मागितली.

आइनूंसाठी केलेल्या 1899 च्या कायद्याचं नाव तर मला अजून पचत नाही. त्यात या लोकांना 'क्यू-दोजिन' म्हटलंय. दोजिन म्हणजे इथले रानटी मूळ रहिवासी, आणि क्यू म्हणजे माजी. माजी आमदार समजू शकतो, माजी विद्यार्थीही. माजी आदिवासी कसा असतो? 'संरक्षण' म्हणून शिकारी-कोळी माणसांना शेतीसाठी फार तर 5 हेक्टर जमीन द्यायची. 15 वर्षांत कसली नाही तर ती परत काढून घ्यायची. चांगली जमीन तोवर बाहेरून आणलेल्या वसाहतवाल्यांकडे गेलीच होती. हा कायदा 1997 पर्यंत पुस्तकात होता. बायकांच्या ओठांभोवतीच्या गोंदणावर बंदी त्याच्याही आधी, 1871 ची. घराघराला जपानी आडनावंही दिली गेली. निबुतानी गावात शिंपल्यांच्या जागेला आइनू पिपाउशी म्हणत. तिथल्या कुटुंबांना काइझावा, म्हणजे शिंपल्यांचा ओढा, हे आडनाव मिळालं. निदान अर्थ तरी शिल्लक राहिला.

हे लोक आले कुठून, या प्रश्नाने विद्वानांना फार छळलं. दाट दाढ्या पाहून काही युरोपियनांनी त्यांना आपले हरवलेले भाऊबंद ठरवलं. या कुतूहलापायी कबरी उकरल्या गेल्या. 1865 मध्ये इंग्रजांनी होक्काइदोतल्या हाकोदातेजवळ कवट्या चोरल्या. पुढे जपानी विद्यापीठांनी हजाराहून जास्त आइनूंचे अवशेष गोळा केले. जनुकं जे सांगतात ते साधं आहे : भातशेती येण्याआधी जपानच्या बेटांवर राहणाऱ्या जोमोन लोकांचा वारसा आइनूंमध्ये सगळ्यांत जास्त आहे, त्यात उत्तरेकडच्या ओखोत्स्क लोकांची भर. जोमोनांचा थोडा अंश तोक्योच्या लोकलमधल्या माणसातही आहे. म्हणजे 'कुठून आले' हे विचारायचंच असेल तर इतरांना विचारायला हवं.

चिरी युकिए या आइनू मुलीने आजी-मावशीकडून ऐकलेली देवांची तेरा गाणी लिहून काढली. आइनूला लिपी नाही, म्हणून रोमन अक्षरांत मूळ आणि शेजारी जपानी अनुवाद. सप्टेंबर 1922 मध्ये तोक्योत हस्तलिखितावरचं काम संपवलं त्याच दिवशी तिचं हृदय थांबलं. वय 19. पुस्तक पुढच्या वर्षी आलं. मी तिचं पान पहिल्यांदा उघडलं तेव्हा सवयीने नजर जपानी बाजूला गेली, कारण तीच मला वाचता येत होती. मग डावीकडचं मोठ्याने वाचून पाहिलं. अर्थ लागत नव्हता, पण पेत आला तेव्हा ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

निबुतानीचेच कायानो शिगेरू 1994 मध्ये संसदेत गेलेले पहिले आइनू. तिथल्या समितीत ते आइनूतून बोलले. गावच्या सारु नदीवरच्या धरणासाठी त्यांची जमीन घेतली गेली. 1997 मध्ये साप्पोरोच्या न्यायालयाने आइनूंना मूळ रहिवासी मानलं, भूसंपादन बेकायदा ठरवलं आणि धरण मात्र राहू दिलं, कारण ते बांधून झालं होतं.

सामन माशाला आइनूत एक नाव आहे शिपे : खरं अन्न. जपानच्या तेव्हाच्या मेइजी सरकारने नदीतल्या सामनची मासेमारी बंद केली तेव्हा या लोकांच्या ताटातला मुख्य पदार्थ गुन्हा ठरला. संसदेने त्यांना कायद्याने मूळनिवासी म्हटलं ते 2019 मध्ये. दुसऱ्याच वर्षी रापोरो आइनू नेशन या गटाने नदीच्या मुखाशी सामन धरण्याचा हक्क मागत सरकारला कोर्टात खेचलं. एप्रिल 2024 मध्ये निकाल लागला. विधीसाठी सामन धरणं हा संस्कृतीचा भाग, हे कोर्टाला मान्य. पोटासाठी धरून विकायचा हक्क नाही. देवाला दाखवायला शिपे चालेल, घर चालवायला नाही.