चूल कोण सांभाळत होतं?

आमच्या येवल्याच्या घरात पुढच्या खोलीत माग होता आणि मागच्या पडवीत रहाट. मागावर आजोबा बसत, रहाटावर आजी. पैठणी उतरली की पाहायला आलेली मंडळी पदरावरच्या मोरांवरून हात फिरवीत आणि आजोबांना शाबासकी देत. त्या रेशमाच्या कांड्या भरणारी बाई तोवर चहाचे आधण ठेवायला आत गेलेली असे.

शाळेत असताना एकदा मी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट मोठ्याने वाचीत होतो. त्र्यंबकेश्वरात जन्मलेला हा गृहस्थ १९११ साली मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहतो आणि त्याला पडद्यावर राम-कृष्ण दिसू लागतात. विम्याच्या पॉलिशा गहाण टाकून तो १९१२ साली विलायतेला जातो, कॅमेरा आणतो, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागतो. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके यांनाच लुगडे नेसवलेले!

आजी रहाट थांबवून म्हणाली, “अन् पोरा, येवढं सारं चालू व्हतं तवा त्याची चूल कोन सांभाळत व्हतं?”

पुस्तकात ते नव्हते. उत्तर मला सापडले ते फार उशिरा, आजी गेल्यावर. सरस्वतीबाई फाळके. दागिने गहाण पडले ते त्यांचे. दादरच्या बिऱ्हाडी चित्रपटाच्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे. उन्हात चित्रण चाले तेव्हा प्रकाश परतवायला पांढरी चादर धरून उभ्या राहत त्याही त्याच. आणि रात्री, निजानीज झाल्यावर, अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या कडांना भोके पाडायची, रसायने कालवायची, फिल्म धुवायची. रोहिदास झाला तो त्यांचाच भालचंद्र. पुढे १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मधला कृष्ण म्हणजे त्यांची मंदाकिनी. अख्खे घरच कामाला जुंपलेले!

हॉलिवुडचा आरंभही याच सुमाराचा. ग्रिफिथ नावाचा दिग्दर्शक १९१० साली तिथे जाऊन एक लहानसा चित्रपट काढून आला. पण त्याच्या मागे न्यूयॉर्कची बायोग्राफ कंपनी उभी होती. फाळक्यांच्या मागे उभे होते ते एक स्वयंपाकघर. बोलपटांनी मात्र दोघांनाही सारखेच मागे टाकले. ग्रिफिथचा शेवटचा चित्रपट १९३१ चा. फाळक्यांचा ‘गंगावतरण’ १९३७ चा, कोल्हापुरात काढलेला, त्यांचा एकुलता एक बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशकात वारले.

परवा सहज कागद घेऊन हिशेब मांडला. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फूट लांबीचा. फुटाला १६ चित्रे, एका चित्राला एका कडेला ४ भोके, म्हणजे दोन्ही कडांना ८. एकूण ४,७३,६०० भोके. शिवाय फुकट गेलेली फिल्म वेगळी, पडद्यावर दाखवायची प्रत वेगळी. यंत्र हाताशी असले तरी ते फिरवायला हात लागतोच, आणि तोही अंधारात.

हा आकडा आजीला सांगायला हवा होता. लाख म्हणजे किती ते तिला उमगले नसते, पण तिने विचारले असते, “अन् बोटं? बोटांचं काय झालं तिच्या?”