कोकणची गाडी जेव्हा दूधसागरच्या घाटातून जाते

पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्याला जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर कधी ना कधी हा मेसेज येतो: ‘आपली गाडी बदललेल्या मार्गाने धावेल.’ पुढे गावांची नावं असतात. मडगाव, लोंढा, मिरज, पुणे. वाचून पहिल्यांदा चिडचिडच होते. किती तास उशीर होणार? जेवणाचं काय? आपलं स्टेशन लागणार की नाही?

पण नकाशा उघडून बघा. तुमची गाडी आता जिथून जाणार आहे तो भारतातल्या सर्वांत देखण्या रेल्वेघाटांपैकी एक आहे. पावसात भिजलेलं जंगल, एकामागून एक बोगदे आणि मधोमध दूधसागर धबधबा. या घाटाला ब्रागांझा घाट म्हणतात. इथून रोज धावणाऱ्या प्रवासी गाड्या मोजक्याच आहेत, त्यामुळे कोकण रेल्वेने वर्षानुवर्षं प्रवास करणाऱ्या अनेकांनीही तो कधी पाहिलेला नसतो.

आज या घाटाची ओळख करून घेऊया. तो सुंदर आहे हे खरंच, पण त्याची गोष्ट तेवढ्यावर संपत नाही.

हीच तर जुनी वाट

आपण या मार्गाला ‘पर्यायी’ म्हणतो. पण वयाने तो कोकण रेल्वेपेक्षा तब्बल ११० वर्षांनी मोठा आहे.

कोकण रेल्वेचा रोह्यापासून मंगळुरूपर्यंतचा संपूर्ण मार्ग सुरू झाला तो १९९८ च्या जानेवारीत. घाटातून रेल्वे गेली ती १८८८ मध्ये. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि घाटावर इंग्रजांचं. १८७८ मध्ये दोघांत करार झाला आणि मुरगाव बंदर दख्खनच्या पठाराला रेल्वेने जोडायचं ठरलं. पठारावरचा माल बंदरात उतरवायचा आणि तिथून जहाजाने पुढे पाठवायचा, असा हिशोब होता. कंपनीचं नाव होतं ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे’. त्यातला ‘गॅरंटीड’ हा शब्द पोर्तुगीज सरकारने गुंतवणूकदारांना दिलेल्या परताव्याच्या हमीवरून आला. घाटाला नाव मिळालं ते पोर्तुगालच्या ब्रागांझा राजघराण्याचं. वर कॅसलरॉकला हा मार्ग सदर्न मराठा रेल्वेच्या रुळांना मिळत असे.

कॅसलरॉक म्हणजे दोन राज्यांच्या सीमेवरचं स्टेशन. इथे सामानाची जकात तपासणी व्हायची. १९५५ मध्ये भारत आणि पोर्तुगीज गोवा यांच्यातला तणाव वाढला आणि या मार्गावरची ये-जा बंद पडली. १९६१ च्या डिसेंबरमध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर ती पुन्हा सुरू झाली.

घरातल्या आजी-आजोबांना विचारा. मुंबई-पुण्याहून रेल्वेने गोव्याला जायचं तर मिरजेला उतरून मीटरगेजच्या छोट्या गाडीत बसावं लागे, हे त्यांना आठवत असेल. ती गाडी बेळगाव, लोंढा करत याच घाटातून खाली उतरायची. १९९० च्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला, मग कोकण रेल्वे आली आणि मुंबईच्या लोकांना घाटाची गरज उरली नाही. म्हणजे आपली वळवलेली गाडी खरं तर आजोबांच्याच वाटेने जात असते.

घाट चढताना काय होतं?

छत्तीसगडमधल्या आपल्या वाचकांना सपाट रेल्वेची सवय आहे. रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या बाजूने, मांढर आणि सिलियारी स्टेशनांवरून बिलासपूरकडे जाणाऱ्या गाड्या आठवा. रूळ सरळ आणि जमीन सपाट. तिथे गाडी दुसऱ्या मार्गाने नेली तर फक्त वेळ वाढतो. घाटात मात्र गाडी चालवण्याची सगळी पद्धतच बदलते.

मडगावहून निघालेली गाडी सावर्डे, कुडचडे करत कुळ्याला येते. इथपर्यंत नारळ, भातशेती, कौलारू घरं असा ओळखीचा गोवा दिसतो. कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंत साधारण २६ किलोमीटरचा घाट आहे. त्याचा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते. रस्त्यावरच्या मोटारीला हे काहीच नाही. पण लोखंडी रुळावर फिरणाऱ्या लोखंडी चाकांसाठी हा खूप मोठा चढ आहे, त्यातही रूळ पावसाने ओले असतील तर जास्तच. आपल्या बोरघाटाचाही चढ एवढाच आहे. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, ती पाहायला मुलं खिडकीशी गर्दी करतात, तसंच इथेही होतं. कुळ्याला मागून ढकलणारी इंजिनं जोडली जातात. रेल्वेची माणसं त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात आणि गाडी हळूहळू वर सरकते.

कुळ्यानंतर सोनावळी, दूधसागर आणि करंझोळ ही छोटी स्टेशनं लागतात. त्यांच्या आजूबाजूला गाव म्हणावं असं काही नाही, नुसतं जंगल. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाचा हा परिसर. पावसाळ्यात रुळांच्या कडेने जागोजागी पाणी कोसळत असतं. मग एका वळणावर डब्यात एकदम गलका होतो आणि सगळे मोबाइल वर जातात. दूधसागर आलेला असतो.

मांडवी नदीवरचा हा धबधबा सुमारे ३१० मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने खाली येतो. त्याच्या अंगावरूनच रेल्वेचा पूल गेला आहे. गाडी पुलावर असते तेव्हा वरूनही पाणी येत असतं आणि खालीही जात असतं. २०१३ च्या ‘चेन्नई एक्सप्रेस’ या सिनेमात हा पूल सगळ्या देशाने पाहिला. प्रत्यक्षात सिनेमात नसलेली एक गोष्टही मिळते, ती म्हणजे खिडकीतून तोंडावर येणारे तुषार.

२३ जुलै २०२१

आता या घाटाची दुसरी बाजू.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. वाशिष्ठी नदीचं पाणी रेल्वेपुलाशी धोक्याच्या पातळीवर गेल्याने कोकण रेल्वेची वाहतूक थांबवावी लागली. हजारो प्रवासी ठिकठिकाणच्या स्टेशनांवर अडकले. काही गाड्या मग मडगाव–लोंढा–मिरज मार्गाने वळवण्यात आल्या.

मंगळुरूहून मुंबईला निघालेली विशेष गाडी त्यांच्यापैकीच एक होती. २३ जुलैला ती घाट चढत असताना दूधसागर आणि सोनावळीच्या दरम्यान दरड कोसळली. इंजिन आणि त्यामागचा पहिला जनरल डबा रुळांवरून घसरला. गाडीत ३४५ प्रवासी होते.

कोणालाही इजा झाली नाही. घसरलेल्या डब्यातल्या प्रवाशांना मागच्या डब्यांत हलवलं गेलं आणि उरलेली गाडी मागच्या मागे कुळ्याकडे नेण्यात आली. त्याच सुमारास दूधसागर आणि करंझोळच्या दरम्यानही दरड आली होती.

जरा त्या प्रवाशांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. एका पुरातून वाचवण्यासाठी आपली गाडी वळवली आणि वळवलेल्या वाटेवरही डोंगर खाली आला. यात कोणाचा निष्काळजीपणा शोधण्याआधी नकाशा पुन्हा बघायला हवा. कोकणची रेल्वे आणि ब्रागांझा घाट यांच्यामध्ये वेगळं आकाश नाही. दोन्ही मार्ग एकाच सह्याद्रीच्या पश्चिम अंगावर आहेत आणि दोघांवर पडणारा पाऊसही एकच. एक मार्ग बंद पडेल इतका पाऊस झाला, तर दुसराही अडचणीत असण्याची शक्यता असतेच.

पुढेही हे दिसलं. २०२४ च्या जुलैत पेडण्याच्या बोगद्यात पाणी आल्याने आणि नंतर खेडजवळ दिवाणखवटी इथे दरड आल्याने कोकण रेल्वे विस्कळीत झाली. त्यानंतर ऑगस्टमध्ये घाटातच, सोनावळी-दूधसागर भागात, मालगाडीचे डबे घसरले आणि या वेळी घाटाची वाट बंद झाली.

दुसरा रूळ का नाही?

घाटात दुसरा मार्ग टाकून टाकावा, असं आपल्याला सहज वाटतं. रेल्वेची तशी योजना होतीही. तिनईघाट, कॅसलरॉक ते कुळे या पट्ट्यात दुहेरीकरण करायचं होतं. पण त्यासाठी अभयारण्यातली झाडं तोडावी लागणार होती आणि डोंगर आणखी कापावा लागणार होता. २०२० मध्ये गोव्यात ‘मोले वाचवा’ म्हणत तरुण मुलंमुली मोठ्या संख्येने पुढे आली. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कामाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली.

हा प्रश्न सोपा नाही. वाहतूक वाढते आहे, हे खरं. डोंगराची माती धरून ठेवणारी मुळं गेली तर दरडींचा धोका वाढतो, हेही खरं. खिडकीतून जे जंगल पाहून आपण हरखतो, तेच जंगल खालचा रूळ सांभाळत असतं.

आणि त्याच्या जोडीला माणसंही असतात. पावसाळ्यात दिवस-रात्र रुळांवरून पायी गस्त घालणारे ट्रॅकमन. खांद्यावर अवजारं, हातात बॅटरी, अंगावर रेनकोट. कोकण रेल्वेवर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक असतं आणि गाड्या मुद्दाम सावकाश चालवल्या जातात. त्यामागेही हीच काळजी आहे. गाडी रेंगाळली की आपण कंटाळतो. पण वेग कमी असेल तरच पुढची दरड दिसल्यावर गाडी वेळेत थांबवता येते.

तुमची गाडी वळवली तर

थोड्या कामाच्या गोष्टी सांगून ठेवते.

पहिली, आपलं स्टेशन बदललेल्या मार्गावर आहे का ते लगेच बघा. घाटमार्गाने गेलेली गाडी कणकवली, रत्नागिरी, चिपळूण, खेड यांपैकी कुठेच जात नाही. रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर किंवा एनटीईएस ॲपवर माहिती मिळते.

दुसरी, चढायचं किंवा उतरायचं स्टेशन वगळलं गेलं असेल, किंवा बदललेल्या मार्गाने जायचं नसेल, तर प्रवास न करता पूर्ण पैसे परत मागता येतात. त्यासाठी टीडीआर भरावा लागतो. त्याला मुदत असते, म्हणून तो घरी पोचल्यावर नाही, तर लगेच भरा.

तिसरी, सोबत लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर औषधं, पाणी आणि कोरडा खाऊ एका दिवसापुरता जास्तीचा घ्या. कुळे ते कॅसलरॉकच्या पट्ट्यात विकत काही मिळेल अशा भरवशावर राहू नका. मोबाइलची रेंजही जाते, म्हणून घरी आधीच फोन करून ठेवा.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, घाटात गाडी थांबली तरी खाली उतरू नका. २०२३ च्या जुलैत दूधसागरला रुळांवरून चालत निघालेल्या ट्रेकर्सची एवढी गर्दी झाली, की रेल्वे पोलिसांनी काहींना उठाबशा काढायला लावल्या. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. पण त्यात हसण्यासारखं फारसं नाही. बोगद्यात आणि अरुंद वळणांवर बाजूला व्हायला जागा नसते, आणि धबधब्याच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकूही येत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार असं रुळांवर जाणं हा गुन्हाही आहे.

मुद्दाम जायचं असेल तर

हा घाट पाहायला गाडी वळवली जाण्याची वाट बघायला नको. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनहून वास्कोला जाणारी गोवा एक्सप्रेस रोज पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा करत इथून उतरते. पुण्याहून एर्नाकुलमला जाणारी पूर्णा एक्सप्रेसही याच मार्गाने जाते. नागपूर किंवा रायपूरकडच्या वाचकांना मुंबईच्या गाडीने येऊन भुसावळ किंवा मनमाडला गोवा एक्सप्रेस पकडता येईल. घाट दिवसाउजेडी लागेल ना, हे मात्र तिकीट काढण्याआधी वेळापत्रकात बघून घ्या. सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये गेलात तर पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि दूधसागरला पाणीही भरपूर असतं.

सोबत आजी-आजोबा असतील तर त्यांना खिडकीची जागा द्या. मीटरगेजच्या त्या गाडीत, मांडीवर डबा घेऊन केलेल्या प्रवासाबद्दल त्यांना विचारा. आणि मध्येच कुठे रुळांच्या कडेला अंग चोरून उभा असलेला, गाडी जाण्याची वाट बघणारा एखादा ट्रॅकमन दिसला, तर मुलांना सांगा त्याला हात करायला.