अजून नाही?

आठवीत आमच्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलींना कावळा शिवला होता. नववीत उरल्यासुरल्या गेल्या. दहावीला मी एकटीच राहिले. शनिवारी पीटीचा पांढरा गणवेश असे. तास सुटला की मुली एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहत, "मागे बघ गं, काही नाही ना?" मीही विचारायची. मैत्रीण गंभीर चेहऱ्याने बघून "काही नाही" म्हणायची, आणि माझ्या बाबतीत त्याची खात्री न बघताही देता आली असती.

घरात आईचे उपाय सुरू झाले. उष्ण पडावं म्हणून भर उन्हाळ्यात तिळाचे लाडू आणि वर पपई. त्याने माझा घोळणा फुटला. रक्त आलं, पण नाकातून. हळदीकुंकवाला आलेली आत्या भर बायकांत विचारायची, "अजून नाही?" जणू माझा परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला होता. खालच्या मानेने मी अत्तरदाणी फिरवत राहायची.

आजी मात्र निवांत. तिचं लग्न नवव्या वर्षी झालं, शारदा कायद्याच्या कितीतरी आधी. १९२९ च्या त्या कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं, पण तोवर ती सासरी नांदत होती. तिच्या काळी लग्न झालेली मुलगी न्हाण येईपर्यंत बहुतेक माहेरीच असे. न्हाण आलं की मखरात बसवायचं, ओटी भरायची, गोडधोड करायचं आणि पाठवणी. आजीच्या धाकट्या बहिणीला बाराव्या वर्षी आलं. आजीला आलं पंधराव्या वर्षी. "तेवढी वर्षं जास्त मिळाली बघ, सागरगोटे खेळायला," ती म्हणायची. सासूकडून निरोपावर निरोप येत, आणि ही तुळशीला पाणी घालताना म्हणे, "इतक्यात नको."

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात जे रण पेटलं, तेही याच घटकेभोवती. संबंधाला संमती देण्याचं मुलीचं वय दहावरून बारा करायचं होतं, आणि नवराही त्यातून सुटत नव्हता. विरोधकांचं म्हणणं, बाराच्या आत न्हाण आलं तर गर्भाधानाचा संस्कार चुकेल. 'केसरी'ही विरोधातच होता. एवढी शास्त्रचर्चा झडली. ज्या पोरींच्या अंगावर ती येत होती त्यांच्यातल्या कितीजणी आजीसारखं तुळशीशी बोलत असतील, ते कुणी नोंदवलेलं नाही.

पंधरा सरल्यावर आईने मला पुण्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढायला लावला. मनगटातली हाडं कितपत पक्की झालीत त्यावरून शरीराचं वय कळतं; माझी हाडं माझ्या जन्मतारखेच्या दोनेक वर्षं मागे होती. मग बाईंनी आईलाच विचारलं, "तुम्हाला कधी आली होती?" आई टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत म्हणाली, "सोळाव्याला." उशीर बऱ्याचदा घराण्यातूनच येतो, असं बाई म्हणाल्या. लाडवांचा डबा घरी गेल्यावर आईने मोलकरणीला देऊन टाकला. एवढं सगळं माहीत असून ती वर्षभर गप्प का बसली, याचा राग मला पाळी आल्यावरही बरेच दिवस पुरला. पाळी आली ती अशीच एका मंगळवारी. विशेष काही वाटलं नाही.

आता बहिणीच्या नातीचं उलट झालंय. साडेआठ वर्षांची पोर, छातीला गाठ लागली, आणि तिच्या आईने दूध, चिकन सगळं बंद केलं. पाळी लवकर आली तर उंची खुंटेल ही धास्ती. मुलींमध्ये आठाच्या आत सुरुवात झाली तर ती फार लवकर धरतात आणि तेरापर्यंत काहीच चिन्ह नसेल तर तपासून घ्यायला सांगतात. ही त्या दोन टोकांच्या मधेच आहे. तरी एक्स-रे झालाच. तोच डावा हात, तेच मनगट. डॉक्टरांनी नुसतं लक्ष ठेवायला सांगितलंय, दूध मुकाट्याने चालू करा म्हणाले.

पोरीची काळजी वेगळीच होती. पाळी आली की खो-खोच्या संघातून काढतात का, असं तिने मला बाजूला घेऊन विचारलं. मी म्हटलं, काढतील कसे? चांगली पळतेस की.